आडोसा

पहाटे चारची बस होती. पिवळी, शाळेतल्या मुलांची ने-आण करणारी; त्यामुळे दोन बाकांमधली जागाही मुलांच्याच गुडघ्यांच्या मापाची. मॉन्टेरे सोडून कार्मेल ओलांडलं तसे रस्त्यावरचे दिवे संपले आणि खिडकीत स्वतःचंच तोंड दिसायला लागलं. ज्या रस्त्यानं आम्ही दक्षिणेला चाललो होतो त्याच रस्त्यानं सकाळी पळत उत्तरेला परतायचं होतं. चाळीस मिनिटं झाली तरी बस वळणं घेतच होती. शेजारी काका होते. नात्यानं माझे कोणी नव्हेत. आमच्या शनिवारच्या धावणाऱ्या मंडळींत ते सगळ्यांचेच काका. वय बासष्ट, तीस वर्षं कॅलिफोर्नियात राहूनही सदाशिव पेठ अंगातून न गेलेले. म्हणाले, "बसनं जायलाच इतका वेळ लागतोय, म्हणजे अंतर मोजताना कोणीतरी हात सैल सोडलेला दिसतो."

तेवढ्यात एका वळणावर बसला उजवीकडून खांदा मारल्यासारखा धक्का बसला. चालकबाईंनी गाडी सावरली, आरशातून मागे पाहिलं आणि दोनच शब्द म्हणाल्या, "हरिकेन पॉइंट." बसमध्ये कोणी हसलं नाही.

बिग सर म्हणजे गाव म्हणावं तर धड गाव नाही. सांता लुसिया डोंगर आणि पॅसिफिक महासागर यांच्या चिमटीत सापडलेली, दीडशे किलोमीटरच्या आसपास लांबीची ही किनारपट्टी. मॉन्टेरेच्या स्पॅनिश वसाहतीतल्या लोकांच्या लेखी हा सगळा 'मोठा दक्षिण' मुलूख. त्यातला 'सूर' इंग्रजीत जाऊन 'सर' झाला. मॅरेथॉन कशी सुचली त्याची गोष्ट तिथे सगळेच सांगतात. कार्मेलहून निघताना हायवेवर एक पाटी आहे, 'बिग सर २६'. बिल बर्ली नावाचे न्यायाधीश त्या पाटीवरून नेहमी जात असत. सव्वीस मैल आणि वर थोडं म्हणजे मॅरेथॉन, हे त्यांच्या डोक्यात शिरलं आणि १९८६ साली पहिली शर्यत झाली. तेव्हापासून एप्रिलच्या शेवटच्या रविवारी हा हायवे काही तासांसाठी गाड्यांना बंद होतो आणि चार-साडेचार हजार माणसं त्यावरून उत्तरेकडे पळतात. आपल्याकडे अशी पाटी वाचून माणूस पेट्रोलचा काटा बघतो.

रस्ताही साधा नाही. कडा फोडून तो तयार करायला अठरा वर्षं लागली, १९३७ साली तो खुला झाला. कामावर तुरुंगातले कैदीही होते. दिवसाला पस्तीस सेंट आणि शिक्षेत सूट या बोलीवर. डोंगरानं मात्र हा रस्ता मनापासून कधी स्वीकारलेला नाही. दर दोन-चार पावसाळ्यांत कुठेतरी दरड येते, नाहीतर अख्खी मार्गिका समुद्रात उतरते. मार्च २०२४ मध्ये रॉकी क्रीकजवळ तसंच झालं. त्या वर्षी मी पहिल्यांदा नाव घातलं होतं. संयोजकांनी शर्यत कार्मेलहून निघून कार्मेललाच परत आणली. अंतर तेवढंच, पण हरिकेन पॉइंट नाही आणि बिक्सबीचा पूलही नाही. पंढरपूरला जाऊन नामदेव पायरीवरूनच परत फिरल्यासारखं वाटलं. म्हणून पुन्हा नाव घातलं.

वारा मला नवीन नव्हता. मी रत्नागिरीची. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे दोन ओळींत संपले, पण अंगाला ते रोज कळायचे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारी मतलईची हलकी झुळूक, अकरानंतर खाऱ्या वाऱ्याची चढती भाजणी, संध्याकाळी भाट्याच्या पुळणीवर डोळ्यांत वाळू. पळायचं तर उजाडण्यापूर्वी, हे गणित सरळ होतं. मुंबईची मॅरेथॉनही मी केली आहे. मरीन ड्राइव्ह, पेडर रोडचा चढ, सी-लिंक. तिथे समुद्र बराच वेळ सोबतीला असतो, पण जानेवारीच्या त्या सकाळी माणसाला जिंकतो तो दमटपणा. वारा आलाच तर लोक दुवा देतात.

बिग सरला पहाट आणि दुपार हा फरक वाऱ्याच्या लेखी फारसा नाही. वसंतात उत्तर पॅसिफिकवर जास्त दाबाचा एक प्रचंड प्रदेश ठाण मांडतो. इकडे डोंगरापलीकडे कॅलिफोर्नियाची मोठी दरी तापायला लागते आणि तिथला दाब उतरतो. दोहोंतला फरक भरून काढायला हवा वायव्येकडून किनाऱ्याच्या कडेनं धावते. आत शिरावं तर सांता लुसियाची भिंत, वर जावं तर गरम हवेचं झाकण. समुद्रावरची गार हवा त्या झाकणाखालीच अडकलेली असते. मग उरतो फक्त किनाऱ्यालगतचा बोळ, आणि जिथे जमिनीचं नाक समुद्रात घुसलेलं असतं तिथे वळसा घालताना वारा आणखी वेग घेतो. हाच वारा समुद्राचं वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब लोटतो, खालचं थंड पाणी वर येतं आणि म्हणून एप्रिलमध्ये या समुद्रात पाय बुडवला तर घोट्यापर्यंत कळ येते. थोडक्यात, दक्षिणेकडून उत्तरेकडे पळणाऱ्यानं या वाऱ्याच्या थेट तोंडी जायचं, अशीच शर्यतीची आखणी आहे. उलटी आखली असती तर? काकांनी हे आदल्या संध्याकाळी एका स्वयंसेवकाला विचारलं. तो प्रेमानं म्हणाला, "मग नाव कशाला आठवलं असतं कोणाला?"

त्याच संध्याकाळी अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला. रत्नागिरीत रविवारची सकाळ झाली होती.

"वारा कुठचा गो?"

"वायव्येचा. तोंडावरचा."

"मग झुकून जा हो. आणि कोणी आडदांड माणूस दिसला तर त्याच्या मागे राहा. होडीत नाही का, शिडामागे बसतात तशी."

अण्णा आयुष्यात बस पकडण्यापलीकडे कधी पळाले नाहीत. तरी सल्ला अचूक होता.

पावणेसातला शर्यत सुटली. सुरुवात रेडवुडच्या रानात होते. शेंदरी-तपकिरी खोडं सरळ वर गेलेली, खाली ओल्या पाल्याचा वास आणि वाऱ्याचा मागमूस नाही. रस्ता पहिले आठ किलोमीटर बहुतेक उताराचा. या रानात निम्मी माणसं फसतात. पाय ताजे, हवा आठ-नऊ अंश, आडोसा भरपूर. घड्याळ असे आकडे दाखवतं की वाटतं, आज आपला दिवस आहे. मी मुद्दाम हळू धावले. काका पुढे गेले.

अँड्र्यू मोलेरा पार्कशी झाडं संपतात. संपतात म्हणजे दार उघडावं तशी संपतात. डावीकडे कुरणं, त्यांपलीकडे समुद्र, आणि पहिल्याच झोतात माझी टोपी उडून मागच्या माणसाच्या छातीवर जाऊन बसली. त्यानं ती परत दिली, तेव्हापासून ती मी उलटी घातली. छातीवरचा क्रमांकाचा कागद शिडासारखा फडफडत होता. चार पिनांऐवजी सहा लावायला हव्या होत्या. पाण्याच्या टेबलावरचे रिकामे पेले आमच्या उलट्या दिशेनं आमच्यापेक्षा वेगानं चालले होते. कुरणातल्या गाई मात्र सगळ्या वाऱ्याला पाठ करून उभ्या. त्यांच्याएवढी अक्कल त्या सकाळी हायवेवर कोणातच दिसत नव्हती.

डावीकडे पॉइंट सरचा खडक दिसायला लागतो. ज्वालामुखीतून निघालेला, शंभर मीटरहून उंच, वाळूच्या पट्ट्यानं जमिनीला बांधलेला. ओहोटीच्या वेळचा अलिबागचा कुलाबा किल्ला आठवावा, तसा. फक्त इथे तटबंदीच्या जागी दीपगृह आहे, १८८९ सालापासूनचं. या खडकासमोरच्या समुद्रात अमेरिकी नौदलाचं 'मेकॉन' नावाचं हवाई जहाज बुडालेलं आहे. सव्वादोनशे मीटरहून लांब, पोटात हेलियम आणि शिवाय चिमुकली लढाऊ विमानं बाळगणारं. १२ फेब्रुवारी १९३५ रोजी पॉइंट सरजवळ वादळी वाऱ्याच्या झोतानं त्याचा शेपटीवरचा पंखा उखडला, वायूच्या पिशव्या फाटल्या आणि ते पाण्यात उतरलं. दोघे गेले, बाकीचे वाचले. अवशेष समुद्रतळाशी सापडले ते १९९० साली. मला याचं अप्रूप वेगळ्या कारणानं. मेकॉनचं घर म्हणजे मॉफेट फील्डवरचा 'हँगर वन', तीनशे चाळीसेक मीटर लांबीचा अवाढव्य डोलारा. माझं ऑफिस सनीव्हेलला. १०१ हायवेवर गाड्या तुंबल्या की तो डोलारा समोर दिसतो आणि बे एरियातल्या प्रत्येक मराठी माणसानं पाहुण्यांना तो बोटानं दाखवलेला असतो, बहुधा चुकीच्या माहितीसह. त्यात राहणारं जनावर इथे येऊन वाऱ्याला बळी पडलं, हे पॉइंट सरच्या तोंडी पळताना आठवलं. बरं वाटलं नाही.

आता थोडं गणित. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मी ताशी साडेनऊ किलोमीटरनं पळते. समोरून ताशी छत्तीस किलोमीटरचा वारा आला तर अंगावर येणारी हवा ताशी साडेपंचेचाळीस किलोमीटरची. म्हणजे वारा नसताना असते त्याच्या पावणेपाच पटींहून थोडी जास्त. त्याचा वर्ग केला की अडथळा जवळजवळ तेवीसपट. एरवी माझ्या वेगाला हवेचा अडथळा नगण्य असतो, म्हणून तेवीसपटीनं आभाळ कोसळत नाही. पण मैलामैलाला तो पायांतून वसूल होतो. आणि हाच वारा पाठीमागून आला असता तर गेलेलं सगळं परत मिळालं असतं, असंही नाही.

यावरचा उपाय मोजून ठेवणारा माणूस होता ग्रिफिथ प्यू. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले, म्हणजे हिलरी-तेनसिंग यांच्या तुकडीतले, शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्यांनी १९७१ साली ट्रेडमिलवर धावणाऱ्यांवर वारा सोडून प्राणवायूचा खर्च मोजला. एका धावपटूच्या मागे साधारण मीटरभर अंतर ठेवून धावलं तर हवेचा सुमारे ८० टक्के अडथळा नाहीसा होतो, असं त्यांना आढळलं. अण्णांचं शिड, तेच.

मला शिड मिळालं ते नारिंगी बनियनमधलं. सहा फुटांवर उंच, रुंद पाठीचा, संथ लयीत धावणारा माणूस. मी त्याच्या मागे मीटरभरावर जाऊन राहिले आणि कानातला घोंघाट एकदम बंद झाला. खोलीची खिडकी लावावी तसा. पाठीमागे राहण्याचेही काही नियम आहेत. टाचेवर टाच पडेल इतकं जवळ जायचं नाही. वारा तिरका असेल तर सरळ मागे न राहता आडोशाच्या बाजूला किंचित सरकायचं. डावीकडून येत असेल तर उजव्या खांद्यामागे. आणि फुकट खायचं नाही. पाचेक मिनिटांनी मी त्याला म्हटलं, "आता मी पुढे होते." त्यानं मागे वळून माझी सव्वापाच फूट उंची पाहिली, तोंडावर हसू येऊ दिलं नाही आणि बाजूला झाला. माझ्या आडोशाला त्याची फार तर बरगडी मावली असेल. तरी पाच मिनिटं त्यानं इमानानं मागे काढली. हळूहळू आमची सात-आठ जणांची रांग झाली. कोणी कोणाचं नाव विचारलं नाही. पुढचा माणूस हात हलवून बाजूला व्हायचा, रांगेच्या शेवटी जायचा.

त्या रांगेतून मला काका दिसले. रस्त्याच्या मधोमध, एकटे, मान खाली घालून. "काका, आत या," मी ओरडले. त्यांनी हातानंच नाही म्हटलं. जवळ आल्यावर म्हणाले, "उसनवारीनं मॅरेथॉन करायची असती तर बसमध्येच बसून राहिलो नसतो?" पुण्याच्या माणसाशी वाद घालायला एरवीही दम लागतो, इथे तो वाचवायचा होता.

सोळाव्या किलोमीटरपाशी रस्ता लिटल सर नदीच्या पुलावर, जवळपास समुद्रसपाटीला उतरतो. तिथे जपानी ताइको ढोल वाजवणारे उभे असतात. ते दिसण्याआधी ऐकू यायला हवेत, पण आवाजही वाऱ्याच्या मर्जीनं येतो. एक ठोका छातीत बसायचा आणि पुढचे चार गडप. ढोलांपाशी मान वर केली की समोरच्या डोंगरावर मुंग्यांची रांग दिसते. ती आपलीच माणसं. सव्वातीन किलोमीटरमध्ये साधारण १६० मीटरचा हा चढ म्हणजे हरिकेन पॉइंट.

चढाचं मी आधी ठरवून टाकलं होतं: घड्याळ बघायचं नाही. वाऱ्यात वेग धरून ठेवायचा हट्ट केला तर विसाव्या किलोमीटरलाच तिजोरी रिकामी होते. श्वास एकसारखा ठेवायचा, पावलं आखूड, आणि कमरेतून न वाकता घोट्यातून पुढे कलायचं. चढावर रस्ता डोंगराच्या प्रत्येक घडीत आत शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो. घडीत गेलं की शांतता, घामाचा थेंबसुद्धा सरळ खाली ओघळतो. नाकाडावर आलं की तोच थेंब कानामागे. माथ्यापाशी एका झोतात माझं उचललेलं पाऊल ठरवलेल्या जागी न पडता वीतभर उजवीकडे पडलं. नारिंगी बनियन माझ्यासमोर जागच्या जागी पळतोय असं वाटलं. आमची रांग तिथे मोडली. माथ्यावर वारा सगळ्या बाजूंनी येतो, त्याला पाठ कुठली दाखवणार. शेजारची एक बाई मोठमोठ्यानं हसत होती. मलाही हसू आलं, दात गार पडले.

ब्रॅड हॉथॉर्न यांनी १९८७ साली हा सगळा रस्ता २ तास १६ मिनिटे ३९ सेकंदांत काढला आणि तो विक्रम दशकानुदशकं टिकला. जागतिक विक्रम करणारे इथे फिरकत नाहीत, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण मी माथ्यावर अंगावर घेतलं होतं. वारा मॅरेथॉनचं काय करू शकतो याची उदाहरणं इतरत्रही आहेत. २०१८ च्या बॉस्टनमध्ये गार पाऊस आणि तोंडावरचा वारा होता. डेझिरे लिंडन २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत जिंकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केप टाउनची मॅरेथॉन तर सुटण्याआधीच रद्द झाली, कारण रात्रीच्या वाऱ्यानं सुरुवातीच्या जागेची उभारणीच मोडून टाकली होती.

माथ्यावरून उतार लागतो आणि बिक्सबी पूल येतो, बरोबर अर्ध्या अंतरावर. १९३२ सालचा, काँक्रीटची एकच मोठी कमान, लांबी २१८ मीटर, खाली सुमारे ८० मीटरवर ओढ्याचं तोंड. पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस सुटाबुटात ग्रँड पियानो वाजवत बसलेला. हे ऐकलेलं होतं, फोटो पाहिले होते, तरी घसा दाटला. पियानो मला कळत नाही. एवढ्या वाऱ्यात बोटं शेकायला जागा नसताना तो वाजवतोय, हे कळलं.

पुढचे पंधराएक किलोमीटर चढ-उतार, चढ-उतार. या टप्प्याबद्दल कोणी फार सांगत नाही आणि मीही सांगत नाही. एवढंच की वाऱ्यात घाम दिसत नाही, लगेच वाळतो. तहान लागली नाही म्हणून पाणी चुकवलं की पोटऱ्यांत गोळे येतात. ढगांमुळे ऊन लागत नाही असं वाटतं, पण संध्याकाळी नाक सोलतं. कार्मेल हायलँड्सच्या वळणांवर रस्ता एका बाजूला कललेला आहे, त्यामुळे एकच गुडघा सगळी बोलणी खातो. प्रेक्षक जवळपास नसतातच, कारण रस्ताच बंद असतो. सहा तासांत पोहोचलं नाही तर मागून बस येते आणि उचलून नेते, हायवे पुन्हा खुला करायचा असतो म्हणून. सदतिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्वयंसेवक स्ट्रॉबेरी देतात. महाबळेश्वरला शंभर वेळा खाल्ली असेल. ही चव निराळीच.

स्ट्रॉबेरीच्या थोडं पुढे काका चालताना दिसले. उजवा हात मांडीवर. मी जवळ जाऊन वेग कमी केला आणि काही न बोलता त्यांच्या पुढे झाले, डावीकडे थोडी सरकून, कारण वारा तिकडून होता. शंभरएक पावलं मागून काहीच आवाज आला नाही. मग बुटांची घसट ऐकू आली, जवळ, मीटरभरावर. मागे वळून बघायचा मोह मी आवरला. पॉइंट लोबोस गेलं, मठासमोरचा किनारा गेला. मग शेवटचा चढ आला. डी मायनर म्हणतात त्याला, कोणा संगीतप्रेमीचा विनोद. तो चढेपर्यंत बूट मागेच वाजत होते.

इथलं पदक धातूचं नसतं, भाजलेल्या मातीचं असतं, चामड्याच्या दोरीत ओवलेलं. ते गळ्यात पडलं आणि थांबताक्षणी थंडी वाजायला लागली. ओल्या कपड्यांवर वारा म्हणजे माठ गार होतो तेच. काकू थर्मासमधून आल्याचा चहा घेऊन आल्या होत्या. माझे हात इतके थरथरत होते की पेल्यातला चहा वाऱ्यानं बोटांवर उडत होता. काका लंगडत माझ्या डाव्या बाजूला, समुद्राकडे पाठ करून येऊन उभे राहिले.

"काय झालं काका?"

"काही नाही. चहा गार होईल तुझा."